भटजी तेव्हा कुठे होते? झाशीच्या पाडावाची एक साक्ष

मार्च १८५८. झाशीला वेढा पडून आठवडा होत आला आहे. दिवसभराच्या माऱ्याने तटाचा एक भाग ढासळला आहे, तिथली तोफ बंद पडली आहे. रात्र झाल्यावर गवंडी अंगावर कांबळी पांघरून तटावर चढतात. विटा हातोहात वर जातात आणि उजाडायच्या आत भिंत पुन्हा उभी राहते. सकाळी इंग्रजांच्या गोलंदाजांना समोर भगदाडाऐवजी भिंत दिसते.

हे आपल्याला ठाऊक आहे ते पेणजवळच्या वरसई गावच्या एका गरीब भिक्षुकामुळे. विष्णुभट गोडसे लढायला गेले नव्हते, बातम्या गोळा करायलाही नव्हते. डोक्यावरचं कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळवावी म्हणून घराबाहेर पडले आणि १८५७ च्या वणव्यात सापडले. पुढे म्हातारपणी त्यांनी आपला प्रवास लिहून काढला. आज 'माझा प्रवास' म्हणून आपण तो वाचतो.

प्रत्यक्षदर्शीच्या तोंडून इतिहास ऐकायचा तर तो कसा ऐकावा, हे शिकायला मराठीत याहून चांगलं प्रकरण मला सापडलेलं नाही. मी अकरावी-बारावीच्या मुलांना इतिहास शिकवते आणि या पुस्तकातली झाशीची पानं दर वर्षी वर्गात घेते. मुलांना दोन रंगांच्या पेन्सिली आणायला सांगते. भटजींनी स्वतः पाहिलं त्याखाली निळी रेघ, कुणाकडून ऐकलं त्याखाली लाल. प्रश्न एकच विचारायचा: हे घडलं तेव्हा भटजी कुठे होते? पहिल्या तासाला मुलांना हे काम सोपं वाटतं. दुसऱ्या तासाला वर्गात भांडणं सुरू होतात, कारण काही वाक्यांखाली दोन्ही रेघा मारायची पाळी येते.

साक्षीदार कोण होता

साक्षीदाराची ओळख करून घेतल्याशिवाय त्याची साक्ष उलगडत नाही. विष्णुभट कोकणातले चित्पावन ब्राह्मण, वेदपठण आणि याज्ञिकी हाच पोटाचा धंदा. घरी म्हातारे आईवडील, मोठं कुटुंब आणि कर्ज. अशात बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे, म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या विधवा पत्नी, मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणा मोठी मिळणार आहे. घरच्यांचं मन होईना. हिंदुस्थान, म्हणजे उत्तरेकडचा मुलूख, तेव्हा कोकणातल्या माणसाला दुसरं जगच. वाट लांबची, प्रांत परका, तिथे गेलेला तरुण माणूस बिघडतो अशी धास्ती. शेवटी काका रामभट बरोबर जातात म्हटल्यावर परवानगी मिळाली आणि शके १७७८ च्या फाल्गुनात, म्हणजे १८५७ च्या मार्चमध्ये, दोघे निघाले. मेरठला शिपाई उठले ते १० मे रोजी, तोवर हे दोघे वाटेतच होते.

हा तपशील मी मुलांना आवर्जून सांगते, कारण पुढच्या प्रत्येक पानावर याच माणसाचे डोळे आहेत. गावात शिरलं की त्यांना आधी दिसतं ते देऊळ, अन्नछत्र, उतरायला घर देणारा ओळखीचा कोणी दक्षिणी ब्राह्मण, आणि दक्षिणा देणारा दाता. लष्करी डावपेच त्यांना कळत नाहीत आणि कळतात असा आवही ते आणत नाहीत. पण शहरात पाणी कुठून भरलं जातं, बायका काय बोलतात, कुणाच्या घरी चूल पेटली नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी वेढ्याविषयी पुष्कळ लिहून ठेवलं, पण ते तटाबाहेरून. तटाच्या आत राहून, सामान्य माणसाच्या उंचीवरून पाहिलेलं वर्णन फार थोडं उरलं आहे आणि त्यातलं मोठं हे मराठीत आहे. याचा अभिमान वाटावाच, पण अभिमानाच्या भरात पेन्सिली खाली ठेवू नयेत.

महूच्या वाटेवरची बातमी

पहिली लाल रेघ झाशीच्या किती तरी आधी येते. महूजवळ भटजींना शिपाई भेटले आणि आता काही दिवसांत मोठा उठाव होणार, तुम्ही मागे फिरा, असं त्यांनी सांगितलं. कारणही सांगितलं. चरबीच्या काडतुसांचं तर होतंच, पण त्याशिवाय कलकत्त्यात राजेरजवाड्यांना जमवून इंग्रजांनी ८४ कलमांची यादी पुढे ठेवली, तिच्यात हिंदूंचे आणि मुसलमानांचे धर्माचार मोडून काढणारी कलमं होती, अशी ती हकिकत. भटजी ती सगळी खरी धरून लिहितात.

असा कुठलाही ८४ कलमांचा कायदा नव्हता. मुलं लगेच म्हणतात, मग हे खोटंच ना, सोडून द्या. मला नेमकं इथे थांबावंसं वाटतं. कलकत्त्यात काय झालं याबद्दल या परिच्छेदाची किंमत शून्य आहे. महूच्या वाटेवर शिपाई एकमेकांना काय सांगत होते याबद्दल मात्र ही पहिल्या हाताची साक्ष आहे, कारण ते बोलणं भटजींनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. अफवेला बीही होतं. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ सालीच झाला होता. एका खऱ्या कायद्याभोवती भीतीने त्र्याऐंशी कलमं कशी उगवली, हे इथे दिसतं. महूची छावणी प्रत्यक्षात १ जुलै १८५७ ला उठली. शिपायांचं भाकीत चुकलं नव्हतं, त्यांनी सांगितलेलं कारण अर्धं कल्पनेतलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या तोंडून एकाच बैठकीत आल्या. इतिहासात हे असंच मिसळून येतं, निवडायचं आपण.

हाच नियम पुस्तकातल्या बाकीच्या ऐकीव भागालाही लावावा. मेरठ, दिल्ली, कानपूर इथलं जे ते सांगतात ते वाटेत भेटलेल्यांकडून गोळा झालेलं आहे. गंगाधररावांविषयीच्या चटकदार गोष्टीही तशाच. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ ला वारले आणि भटजींनी झाशी पाहिली ती त्यानंतर चार वर्षांनी. त्या गोष्टींतून झाशीकर आपल्या मेलेल्या राजाबद्दल काय बोलत होते ते कळतं. राजा खरोखर कसा होता ते त्यावरून ठरवू नये.

वेढा, तटाच्या आतून

झाशीत भटजींचा जम बसला. दरबारात दक्षिणी मंडळी होती, धर्मकृत्यं चालत, ब्राह्मणाला मान होता. लक्ष्मीबाईंना त्यांनी जवळून पाहिलं. पहाटे उठून व्यायाम, मल्लखांब, घोडा, मग स्नान, पूजा आणि दुपारनंतर दरबार. कधी पायजमा, अंगरखा, डोक्याला फेटा आणि कमरेला तलवार, तर कधी साधं पांढरं पातळ. इथे निळी रेघ बिनदिक्कत मारावी. याचक दात्याकडे किती बारकाईने पाहतो, ते दारी उभ्या राहिलेल्या माणसालाच कळतं.

तुलनेला आणखी एक साक्षीदार आहे. जॉन लँग हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला वकील १८५४ मध्ये राणीच्या कामासाठी झाशीला आला होता. तो पडद्याबाहेर बसला होता. दत्तक मुलाने पडदा बाजूला सारला तेवढ्या क्षणापुरतीच राणी त्याला दिसली. त्या एका क्षणावर त्याने पानभर वर्णन लिहिलं. भटजींना ती रोज दिसत होती, म्हणून त्यांच्या लिखाणात तिच्या रूपापेक्षा तिची दिनचर्या जास्त आहे. या फरकावरूनच कोण किती जवळ होतं ते ओळखता येतं.

इंग्रज सेनापती सर ह्यू रोजची फौज २१ मार्च १८५८ ला झाशीपुढे आली आणि चार-पाच दिवसांत तोफा सुरू झाल्या. भटजी वेढा दिवस मोजून सांगतात: चौथ्या दिवशी हे, सातव्या दिवशी ते, आठव्या दिवशी असं. रात्रीच्या आकाशातून जाणारे तोफगोळे त्यांना लाल चेंडूंसारखे दिसतात. आधी लोक टक लावून पाहतात, मग आपल्याच आळीत गोळा पडतो आणि पाहणं संपतं. दुर्बिणीतून पाण्याची जागा हेरून इंग्रजांनी तिथे मारा धरला. पाणी भरणारे काही मेले, बाकीचे भांडी टाकून पळाले, आणि कित्येक तास लोकांना प्यायला पाणी नाही, स्नानाला नाही. यातलं स्नान विसरू नये. एखाद्या सेनापतीने पाणी तुटल्याचं लिहिलं असतं, स्नान चुकल्याचं लिहिलं नसतं. असे बिनकामाचे तपशील मला साक्षीच्या खरेपणाची मोठी खूण वाटतात. बनवून सांगणारा माणूस गोष्टीला उपयोगी पडेल तेवढंच सांगतो.

मग १ एप्रिल. तात्या टोपे सुमारे वीस हजारांची फौज घेऊन झाशीच्या सुटकेला आले. रोजने वेढा न उठवता दीड हजारांहून कमी माणसं घेऊन बेटवेच्या काठी त्यांना गाठलं आणि मोडलं. इंग्रजी कागदांत हा रोजच्या धाडसाचा कळस आहे. भटजींच्या पानांत तो शहरातल्या आशेचा कडेलोट आहे. आदल्या रात्री पेशव्यांची फौज आली म्हणून जिवात जीव आलेलं शहर दुसऱ्या दिवशी चिडीचूप होतं. घटना एक, तारीख एक, कोणाचीच साक्ष खोटी नाही. तटाच्या कोणत्या बाजूला कोण उभा होता, एवढाच काय तो फरक.

शिड्या की गवताचे भारे

३ एप्रिलला इंग्रज तटावर चढले. कसे चढले? हा या प्रकरणातला सगळ्यांत अवघड प्रश्न, आणि वर्गातलं भांडण इथेच पेटतं.

भटजींची हकिकत अशी की शेकडो मजूर डोक्यावर गवताचे भारे घेऊन तटाशी आले, भाऱ्यांवर भारे रचले, त्यांच्या पायऱ्या झाल्या आणि त्यावरून गोरे वर आले. इंग्रजांच्या लष्करी अहवालांत गवत नाही. तिथे दोन बाजूंनी हल्ला आहे. डाव्या बाजूने तटाच्या पडलेल्या भागातून, उजव्या बाजूने शिड्या लावून. काही शिड्या उंचीला कमी पडल्या, काही मोडल्या, आणि डिक व मायकलजॉन हे दोन तरुण लेफ्टनंट तटाच्या माथ्यावरच मारले गेले. कोणत्या तुकडीने कुठली शिडी लावली इथवर नोंद आहे.

मी इथे इंग्रजी अहवालाच्या बाजूने कौल देते, आणि भटजींवर माझी माया असूनही देते. शिडी लावणारा माणूस शिडीबद्दल सांगतो तेव्हा त्याला चुकायला फारशी जागा नसते. भटजी त्या पहाटे तटावर नव्हते, शहरात होते. त्यांच्यापर्यंत आली ती पळत आलेल्या कुणाची तरी धापा टाकत सांगितलेली बातमी. अंधारात, तोफांच्या धुरात तटाशी काहीतरी वाहून आणलं जातंय, ढीग लागतोय, एवढं त्याने पाहिलं असेल. त्याचे भारे झाले आणि भाऱ्यांच्या पायऱ्या झाल्या. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. गेल्या वर्षी एका मुलीने मला अडवलं: "बाई, इंग्रजांनी मजुरांचं काम अहवालात लिहिलंच नसेल तर?" हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. अहवालात शूर अधिकाऱ्यांची नावं येतात, ओझी वाहणाऱ्यांची येत नाहीत. त्या वाक्याखाली तिने लाल रेघ मारली आणि समासात प्रश्नचिन्ह काढलं. ते मी खोडायला लावलं नाही.

बिजन

यापुढची पानं वर्गात मोठ्याने वाचून घ्यायचं मी बंद केलं आहे. मुलं मनात वाचतात.

बखरींच्या मराठीत सरसकट कत्तलीला 'बिजन' हा शब्द आहे. मूळ फारसी. भटजी तोच वापरतात. इंग्रज शहरात शिरल्यावर त्यांनी पुरुष दिसला की मारला. घरं पेटली. लोक विहिरीत उतरले, त्यांना वरून गोळ्या घातल्या. भटजी आणि बरोबरची मंडळी एका घरात अंधाऱ्या जागेत दडून बसली होती. बाहेरचे आवाज ऐकू येत होते, अन्नपाणी नव्हतं. म्हणजे कत्तलीतलं पुष्कळ त्यांनी कानांनी टिपलं आहे आणि बाहेर आल्यावर रस्त्यांत प्रेतं पाहून त्याची खातरजमा झाली आहे. अशा वाक्यांखाली दोन रेघा येतात, आणि त्या याव्यात.

मग लूट. तिलाही क्रम होता. आधी सोनं-चांदी, मग तांब्या-पितळेची भांडी, मग कपडे, मग धान्य. एका घरात दिवसाआड नवे सोजीर, म्हणजे शिपाई, येत आणि उरलेल्यातून आपल्या वाट्याचं नेत. राजवाड्यातला ग्रंथसंग्रह उद्ध्वस्त झाला त्याचं दुःख भटजी वेगळं काढून सांगतात. दूरदूरहून विद्वान ज्या पोथ्यांच्या नकला करून घ्यायला येत, त्या गेल्या. माणसं मेल्याचं सांगत असताना पोथ्यांसाठी थांबणारा हा माणूस काही वाचकांना विचित्र वाटतो. मला वाटत नाही. ज्याने जन्मभर पाठांतरावर पोट भरलं, त्याला पोथी जळणं म्हणजे काय ते कळत होतं.

हे खरं कशावरून? एकट्या भटजींवर विसंबायची गरज नाही. इंग्रज फौजेत थॉमस लो नावाचा डॉक्टर होता, मद्रासच्या सॅपर्सबरोबर, म्हणजे खंदक-सुरुंगाचं काम करणाऱ्या पलटणीबरोबर. त्याने मध्य हिंदुस्थानातल्या या मोहिमेवर १८६० मध्ये पुस्तक छापलं. शत्रूच्या गोटातला माणूस, बंडवाल्यांविषयी तिटकारा बाळगणारा. पण झाशीच्या गल्ल्यांतला संहार त्याने लपवलेला नाही. विहिरी त्याच्याही लिखाणात आहेत. सुटकेची वाट न उरलेल्या पुरुषांनी बायकामुलांना विहिरीत ढकललं आणि मागून उड्या टाकल्या, असं तो सांगतो. आपल्या शिपायांनी बायकामुलांना बाहेर काढलं, पुरुषांना मारलं, असंही. भटजींच्या विहिरीत जीव वाचवायला उतरलेली माणसं आहेत. लोच्या विहिरीत जीव द्यायला उतरलेली आहेत. भटजी विहिरीच्या काठावर उभे असलेल्यांचा हेतू सांगतात, लो आत उडी घेणाऱ्यांचा. प्रत्येकजण पलीकडच्या माणसाच्या मनातलं सांगतो आहे आणि तिथेच दोघांची साक्ष कच्ची पडते. एकमेकांना कधी न भेटलेल्या, एकमेकांची भाषा न जाणणाऱ्या, परस्परांच्या विरुद्ध असलेल्या दोन साक्षीदारांनी त्याच विहिरी आणि तीच प्रेतं सांगितली, तेवढं मात्र पक्कं धरावं.

इंग्रजांच्या रागालाही कारण होतं, ते मुलांपासून लपवू नये. ८ जून १८५७ ला झाशीच्या जोखनबागेत साठेक युरोपियन मारले गेले, त्यांत बायका आणि मुलं होती. भटजी तेव्हा झाशीत नव्हते. रोजच्या शिपायांपैकीही ते कोणी पाहिलेलं नव्हतं, पण ते गोष्ट ऐकून आले होते. महूच्या शिपायांनी ८४ कलमांची गोष्ट ऐकली होती, यांनी जोखनबागेची. एक खोटी, एक खरी. दोन्ही ऐकूनच हत्यारं उचलली गेली.

विहिरीवरची भेट

४ एप्रिलच्या रात्री राणी निघून गेली. दत्तक मुलाला धोतराने पाठीशी बांधलं, बरोबर पैसा घेतला नाही, फक्त रुप्याचा जांब, म्हणजे पेला, घेतला, असं भटजी सांगतात. ते तेव्हा शहरात लपलेले, म्हणून लाल रेघ. पण तो रुप्याचा जांब माझ्या मनातून जात नाही. मुलाला पाणी पाजायला घेतलेलं भांडं बायकांच्याच बोलण्यात येतं. ही बातमी वाड्यातल्या कुणा बाईकडून निघाली असावी.

मग काल्पीकडच्या मुलखात, एका पराभवानंतर, पहाटेच्या सुमाराला भटजी एका विहिरीवर होते. पठाणी वेश, धुळीने माखलेले कपडे, तहानेने व्याकूळ अशी राणी तिथे आली. भटजी पाणी शेंदायला पुढे झाले. तिने थांबवलं. तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, मीच काढते म्हणाली. मातीच्या मडक्यातलं पाणी ओंजळीने प्यायली. मग बोलली ते मराठी घरांत अजून सांगितलं जातं: मी अर्ध्या शेर तांदळाची धनीण, मला विधवेला हा उद्योग करायची गरज नव्हती, धर्माच्या अभिमानापोटी पडले, पण यश आलं नाही.

निळी रेघ. स्वतः पाहिलेलं, स्वतः ऐकलेलं, हाताच्या अंतरावरून. तरीही विचारावं लागतं, हे शब्द राणीचेच का? मधे पंचवीस वर्षं गेली होती. संवाद इतकी वर्षं जसाच्या तसा कुणाच्याच लक्षात राहत नाही. धर्माच्या अभिमानाचं वाक्य तर वीस वेळा सांगता सांगता गुळगुळीत झालेलं असणार. राणीच्या स्वतःच्या कारणांत राज्य खालसा झाल्याचं कारण फार मोठं होतं, १८५४ पासून ती त्यासाठी अर्ज करत होती. भटजींना मात्र धर्माचंच कारण पटलं, तेच लक्षात राहिलं.

पण अर्धा शेर तांदूळ मी राणीच्या पदरात टाकते. राणी मोरोपंत तांब्यांची मुलगी, पेशव्यांच्या आश्रयाला असलेल्या मराठी घरांत वाढलेली. विधवेच्या वाट्याला येणारं मोजकं अन्न, त्याचं हे माप, हे बायकांचं बोलणं आहे. भटजी स्वतः रचायला बसले असते तर त्यांनी राणीच्या तोंडी एखादा श्लोक घातला असता.

पाणी शेंदण्यावरून झालेला तो छोटासा आग्रह मला त्या शब्दांपेक्षाही खरा वाटतो. राज्य गेलेलं, वडील गेलेले, जीव घेऊन धावणं चाललेलं, आणि तरी ब्राह्मणाकडून सेवा घ्यायची नाही एवढा संस्कार शिल्लक. भटजींनाही ते खोल लागलं असणार, कारण या भेटीत ते स्वतःबद्दल जवळपास काहीच सांगत नाहीत.

राणीचा शेवट, ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराय इथला, भटजींनी पाहिला नाही. त्याची तारीखही कुठे १७ जून लावतात, कुठे १८. गोळी आधी लागली की तलवार, यावर प्रत्येक सांगणारा वेगळं सांगतो. तिथे भटजींची हकिकत बाकीच्या ऐकीव हकिकतींच्या रांगेत उभी करावी, पुढे काढू नये.

मधले हात

भटजींनी लिहिलं ते १८८३-८४ च्या सुमाराला, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. इंग्रजांचं राज्य भरात होतं. छापलं गेलं ते १९०७ साली, उठावाला पन्नास वर्षं झाली तेव्हा. वैद्य मोठे विद्वान, महाभारताचे अभ्यासक. पण छापताना त्यांनी भाषा सारखी केली, काही गाळलं, काही रंगवलं. सरकारची मर्जी सांभाळायची होती आणि वाचकाला गोडी लावायची होती. मूळ मोडी हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी संपादित केलेली आवृत्ती १९६६ मध्ये आली. म्हणजे सुमारे साठ वर्षं मराठी वाचक जे भटजींचं म्हणून वाचत होता, त्यात वैद्यांचा हात होता. अमृतलाल नागरांनी केलेल्या हिंदी अनुवादाचं नाव 'आँखों देखा गदर'. नाव सुंदर आहे, पण पेन्सिली घेऊन बसलं की कळतं, यातला गदर निम्मासुद्धा डोळ्यांनी पाहिलेला नाही.

वैद्यांना मी दोष देत नाही. त्यांनी मागे लागून लिहून घेतलं नसतं तर भटजी हे सगळं ओसरीवर सांगून गेले असते आणि दोन पिढ्यांत ते विरलं असतं. पण घरात कुणी आजीच्या आठवणी टिपून ठेवत असेल तर त्याने आधी तिचं बोलणं तसंच्या तसं उतरवावं, नीटनेटकं करायचं ते दुसऱ्या कागदावर. पहिला कागद फेकू नये.

मी स्वतः मोडी थोडीफार शिकले ती याच पुस्तकामुळे. त्या लिपीत अक्षरं हात न उचलता वाहत जातात, शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने ठरवायचं. पहिल्यांदा एक अख्खी ओळ लागली तेव्हा मला रडू आलं होतं. ओळीत विशेष काही नव्हतं, कुठल्याशा मुक्कामाची नोंद होती.

या प्रवासाच्या शेवटाकडे मुलांचं लक्ष नसतं. झाशी पडली, राणी गेली की त्यांची गोष्ट संपते. भटजींची संपत नाही. मिळवलेली दक्षिणा बहुतेक लुटली गेली होती. मोकळ्या हाताने घरी जायचं नाही म्हणून त्यांनी गंगेचं पाणी कावडीत भरून घेतलं आणि ती कावड खांद्यावरून वाहत वरसईची वाट धरली. आपण मेलोच असं घरी धरून चालले होते. आईवडील हयात होते. त्या गंगोदकाने भटजींनी दोघांना स्नान घातलं.

तिथे ते स्वतः हजर होते. त्या पानावर माझी मुलं फक्त निळी पेन्सिल वापरतात.